दसऱ्याला किक मारली की धुराचा लोट: आरडी ३५० चा दरवर्षीचा आजार

खंडेनवमीला गाडी धुतली, दसऱ्याला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि किक मारली. तिसऱ्या किकला इंजिनानं पकडलं आणि मागून असा पांढरा लोट निघाला की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे घाईघाईनं आत नेले. ज्यांच्या घरी राजदूत यामाहा ३५०, म्हणजेच आरडी ३५०, आहे त्यांना हा प्रसंग नवा नाही. पावसाळ्याचे चार महिने गाडी ताडपत्रीखाली उभी राहते, दसऱ्याला बाहेर येते आणि धुरानं अख्खा वाडा भरून टाकते.

यावर लोक दोन गोष्टी करतात. काही जण ‘टू-स्ट्रोक आहे, धूर काढणारच’ म्हणून सोडून देतात. काही जण घाबरून लगेच इंजिन उतरवायला देतात. दोन्हींत नुकसान आहे. सोडून देणाऱ्याचा कधीतरी घाटात पिस्टन जाम होतो, आणि घाबरणारा दोनशे रुपयांच्या कामासाठी पंचवीस हजार घालून बसतो. तिसरं नुकसान जुनी गाडी विकत घेणाऱ्याचं. धूर बघून तो चांगली गाडी सोडतो, किंवा धूर नाही म्हणून आतून गेलेली गाडी घरी आणतो. मी बरीच वर्षं ही गाडी ठेवली आहे आणि मित्रांसोबत अशा पुष्कळ गाड्या बघायला गेलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: धूर कुठून येतो हे इंजिन न खोलता, घरच्या घरी, एका रविवारी कळू शकतं.

आधी या इंजिनाचा स्वभाव समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच पटणार नाही.

यामाहानं आरडी ३५० जपानमध्ये १९७३ साली आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, रीड व्हॉल्व्ह आणि सहा गिअर. आपल्याकडे १९८३ पासून एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला हीच गाडी यामाहाच्या परवान्यानं बनवली. पुढची डिस्क काढून त्या जागी मोठा ड्रम दिला. आधीची एचटी (हाय टॉर्क) ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची एलटी (लो टॉर्क) मायलेजसाठी २७ वर आणलेली. १९८९ च्या सुमारास उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या गाडीतली रबराची प्रत्येक वस्तू, बदलली नसेल तर, पस्तीस वर्षांहून जुनी आहे. दुखणं नेमकं तिथेच आहे.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची जागा, म्हणजे क्रॅंककेस, हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की ती जागा पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढते, खाली आला की दाबून वर ढकलते. त्यामुळे ती जागा सगळीकडून बंद असायला हवी. आरडीत दोन सिलिंडर, म्हणून अशा दोन कोठड्या. क्रॅंकच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी ऑइल सील आहे आणि मधे दोन कोठड्या वेगळ्या ठेवणारं खाचांचं सील. उजव्या टोकाच्या सीलच्या पलीकडे क्लच आणि गिअर ऑइल. डाव्या टोकाच्या पलीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारा स्विच), म्हणजे नुसती मोकळी हवा. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. उजवं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पितं. डावं गेलं तर हवा पितं. तेल पिणारं इंजिन धूर काढून ओरडतं. हवा पिणारं इंजिन गप्प राहून मरतं.

याच्या जोडीला ऑटोल्यूब आहे. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत जळणारं ऑइल, वेगळ्या टाकीतून एक छोटा पंप दोन्ही सिलिंडरना देतो, थ्रॉटल जितका उघडाल तितकं जास्त. बाहेर जाणाऱ्या वाटेवर बारीक गोळी आणि स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह असतो. गाडी बंद असताना तेल स्वतःच्या वजनानं खाली उतरू नये, एवढंच त्याचं काम. त्या गोळीखाली कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली की टाकीतलं तेल रात्रंदिवस, थेंब थेंब, क्रॅंककेसमध्ये उतरत राहतं. चार महिन्यांत किती उतरेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता धुराकडे वळू.

पहिला प्रश्न, धूर किती वेळ टिकतो? कुठलंही टू-स्ट्रोक गार असताना मिनिट-दोन मिनिटं पांढरट धूर काढतंच, तो आजार नाही. दसऱ्याला गच्च लोट निघाला, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवल्यावर विरळ झाला आणि नंतरच्या आठवड्यात रोज काढली तर आलाच नाही, तर शंभरात नव्वद वेळा दोष चेक व्हॉल्व्हचा असतो. खात्री करायला गाडी उभी करताना टू-टीच्या टाकीवर तेलाच्या पातळीशी चिकटपट्टी लावा आणि तारीख लिहा. पंधरा दिवस गाडीला हात लावू नका. गाडी चाललेली नसताना पातळी खाली गेली आणि जमिनीवर डाग नाही, तर तेल आत गेलं आहे.

अशी गाडी काढताना जोरात किक मारायची नाही. क्रॅंककेसमध्ये साठलेलं तेल वर सिलिंडरमध्ये आलं आणि पिस्टन त्यावर आपटला तर कनेक्टिंग रॉडचं नुकसान होतं. दोन्ही प्लग काढा, किल्ली बंद ठेवा, प्लगच्या भोकांवर जुनं फडकं धरा आणि किक हातानं सावकाश दहा-वीस वेळा फिरवा. फडकं हिरवं-निळं भिजतं, टू-टी ज्या रंगाचं असेल तसं. मग प्लग पेट्रोलनं धुवून, वाळवून परत लावा. आमच्या गाडीला हा उपाय मी तीन दसरे केला, चौथ्या वर्षी चेक व्हॉल्व्ह खोलून साफ केला. गोळीवर बसलेला चिवट पिवळा थर कार्ब क्लीनरनं निघाला. त्यानंतर तो त्रास नाही.

काही जण गाडी उभी करताना टू-टीच्या नळीला चिमटा लावतात. उपाय चांगला आहे, पण चिमटा काढायला विसरलात तर इंजिनाला तेलाचा थेंब मिळणार नाही आणि पहिल्याच दहा किलोमीटरमध्ये दोन्ही पिस्टन धरतील. म्हणून गाडीची किल्ली त्या चिमट्यालाच अडकवून ठेवा. किल्ली घ्यायची तर चिमटा हातात यायलाच हवा.

आणखी एक साधं कारण तपासून घ्या. ऑटोल्यूबवर विश्वास नाही म्हणून कितीतरी लोक पंप चालू असतानाच पेट्रोलमध्येही लिटरला तीस-चाळीस मिली टू-टी घालतात. दोन्हींकडून तेल मिळाल्यावर इंजिन धुरकटच होणार. एकच पद्धत ठेवा. पंप ठेवायचा असेल तर केबल ओढल्यावर पंपाच्या चाकावरची खूण पिनशी जुळते का, ते मॅन्युअलप्रमाणे बघा. पंप काढायचा असेल तर त्याची बाहेर जाणारी तोंडं नीट बंद करा, नाहीतर तिथून हवा शिरते आणि पुन्हा तेच दुखणं.

दुसरा धूर मात्र जातच नाही. गाडी गरम झाली, वीस किलोमीटर चालली, तरी येतो. आणि एक खास वेळ आहे, ती लक्षात ठेवा: घाट उतरताना. थ्रॉटल बंद करून बराच वेळ उतरलात आणि खाली येऊन परत ओढलात, की उजव्या नळीतून एकदम पांढरा फुगा सुटतो. थ्रॉटल बंद असताना क्रॅंककेसमधली ओढ वाढते आणि फाटक्या उजव्या सीलमधून गिअर ऑइल आत खेचलं जातं, म्हणून हे होतं. या धुराला टू-टीचा गोडसर वास नसतो. कढईत तेल करपल्यासारखा, घशाला लागणारा असतो. उजवा प्लग काढून बघा, काळा आणि ओला असतो. तो बोटानं चोळा. टू-टीपेक्षा जास्त चिकट लागलं तर शंका बळकट होते.

तरीही शंकेवर इंजिन उघडू नका. गिअर ऑइल पूर्ण काढा, मॅन्युअलमधल्या मापानं मोजून नवीन घाला, तो आकडा लिहून ठेवा. दोनशे किलोमीटर चालवा. गाडी गरम असताना परत काढा, वीस मिनिटं निथळू द्या आणि स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात मोजा. (भांडं जुनं घ्या, घरच्यांना विचारून.) पन्नास मिली कमी भरलं तर ते निथळण्यातही जाऊ शकतं. दीड-दोनशे मिली कमी भरलं आणि इंजिनाबाहेर गळती नाही, तर उजवं सील गेलं हे जवळजवळ ठरलं.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण यात मी स्वतः फसलो आहे. सील बदलल्यावरही धूर काही दिवस येतो. इतके महिने जे तेल सायलेन्सरमध्ये साठलेलं असतं ते जळत राहतं. मला वाटलं काम फुकट गेलं, मी मेकॅनिकशी भांडलो. नंतर सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा बोल्ट सोडून आतली जाळीची नळी ओढून काढली तर तिला बोटभर जाड काळा चिकट थर. ती जाळून, तारेच्या ब्रशनं घासून लावली आणि धूर संपला. तेव्हा सील बदलाल त्याच दिवशी ही नळी आणि सायलेन्सर साफ करून घ्या.

यापुढचं दुखणं धूर काढत नाही, म्हणूनच मला त्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. डावं सील.

आमच्या गाडीचं उजवं सील एका गॅरेजमध्ये बदललं तेव्हा मी विचारलं, डावंही बदलू का? ‘ते चांगलं आहे, कशाला हात लावायचा,’ असं उत्तर मिळालं आणि मी मान्य केलं. दोन महिने गाडी सुंदर चालली. मग सिग्नलला थांबलं की थ्रॉटल सोडूनही रेस चढलेली राहायची, दोन-तीन सेकंदांनी खाली यायची. कार्बोरेटरचा स्क्रू कमी करून मी ते झाकलं. पुढे एका मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये डाव्या बाजूचा आवाज एकदम पातळ झाला, खरखर आली आणि मागचं चाक धरलं. क्लच दाबला म्हणून रस्त्यावर उभा राहिलो. डावा पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. प्लग काढला तर पोर्सिलीन खडूसारखं पांढरं.

तेव्हा कळलं की ती चढलेली रेस हीच आधीची सूचना होती. डाव्या सीलमधून जास्तीची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त गरम जळतं, पिस्टन फुगतो आणि धरतो. यात धूर उलट कमी होतो. लोक म्हणतात, आता गाडी काय मस्त साफ झाली.

रेस चढून राहते म्हणून लगेच सीलवर बोट ठेवू नका. आधी कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबर बघा. उन्हानं, वयानं त्याला भेगा पडतात आणि हवा तिथूनही येते. गाडी चालू ठेवून त्यावर साबणाचं पाणी मारलं की रेस बदलते. पण डाव्या कव्हरच्या आत, पॉइंटजवळ, पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून बघायचं नाही. तिथे ठिणगी असते.

खरी परीक्षा दाबाची. टू-स्ट्रोकच्या गॅरेजमध्ये ती कमी लोक करतात, पण घरी होते. दोन्ही सायलेन्सर काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा व पत्रा लावून बोल्टनं आवळा. दोन्ही कार्बोरेटर काढा, एका बाजूच्या रबरी नळीत घट्ट बसणारा बूच घाला, दुसऱ्या बाजूच्या बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. प्लग जागेवर. टू-टीच्या नळ्या पंपापाशी बंद. पिस्टन असे ठेवा की दाब दोन्हीकडे पोचेल. मग पंप कुठला? बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ. डॉक्टरकडचं, हातानं दाबायचं. त्याची नळी व्हॉल्व्हला जोडा आणि काटा २६० वर आणा. हे साधारण पाच पीएसआय होतात. यापुढे न्यायचं नाही, सीलच्या ओठांना तेवढा दाब सोसत नाही.

आता बघत बसा. चांगल्या इंजिनात काटा एका मिनिटात पन्नासापेक्षा जास्त खाली येत नाही. भराभर पडत असेल तर जागा शोधायची. साबणाचं पाणी आधी सिलिंडरच्या बुडाशी, हेडखाली, रबरावर लावा. मग डावं कव्हर काढून रोटरच्या मागे. फेस आला तर डावं सील. उजवं सील दिसत नाही, त्यासाठी एक युक्ती आहे: गिअर ऑइल घालायचं झाकण काढून त्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरा, मुलं फुगे उडवतात तसा, आणि गिअर बॉक्सचं हवेचं भोक बोटानं दाबा. पडदा फुगला तर हवा क्रॅंककेसमधून गिअर बॉक्समध्ये येते आहे. म्हणजे उजवं सील. पहिल्यांदा तो फुगा हळूच वर येताना पाहिला तेव्हा इतकी वर्षं अंदाजानं खर्च केलेले पैसे डोळ्यांसमोरून गेले.

दोन्ही बाजू एकदम का बंद करायच्या, एक-एक का नाही, हा प्रश्न बरेच जण विचारतात. मधलं खाचांचं सील पूर्ण हवाबंद नसतंच, हवा एका कोठडीतून दुसरीत थोडी जाणारच. एकच बाजू बंद करून दाब दिला तर चांगलं इंजिनही नापास होतं. मी दोन जणांना याच चुकीपायी क्रॅंक उतरवताना पाहिलं आहे.

निकाल काहीही लागो, सील बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदला. एक गेलं म्हणजे दुसरं त्याच वयाचं, त्याच पेट्रोलवर वाढलेलं आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते ओलावा ओढून घेतं, जुन्या रबराला त्रास देतं आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजवतं. म्हणून सील घेताना व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) मागा आणि पावसाळ्याआधी कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करून ठेवा. क्रॅंक बाहेर काढलीच तर बेअरिंग, रॉड आणि क्रॅंकची सरळी तपासून घ्या. इंजिनाची केस आडवी उघडते, तेवढं उघडल्यावर अर्धं काम करून बंद करणं म्हणजे पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा.

आरएक्स १०० वाल्यांना, किंवा कावासाकी बजाज केबी १०० जपून ठेवणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडतं. तिथे सिलिंडर एक आहे, त्यामुळे शोध सोपा. तत्त्व तेच.

आता किंमत. धूर आणि पैसा यांचा संबंध लोक उलटा लावतात, म्हणून हे लिहायलाच हवं.

मागच्या वर्षी एका मित्रासोबत सांगलीकडे एक गाडी बघायला गेलो. साडेतीन लाख सांगितले होते. लाल रंग, चकचकीत क्रोम, एका किकला चालू, धूर नाही. मी इंजिनाला हात लावला तर कोमट. आम्ही यायच्या आधी मालकानं अर्धा तास चालवून आणली होती. मी त्यांना सांगितलं, काका, आम्ही जेवून येतो, तोवर तिला हात लावू नका. तीन तासांनी आलो, गार गाडीला किक मारली. धूर तेव्हाही फार नव्हता. पण रेस खाली यायला तीन सेकंद लागले आणि डावा प्लग पांढरा निघाला. त्याहून वाईट म्हणजे स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर नकली, पुढचा ड्रम दुसऱ्याच गाडीचा आणि साइड पॅनल फायबरची. त्याच गावात दुसऱ्या घरी एक धुळीनं माखलेली एलटी होती, चालू केल्यावर गल्ली धुरानं भरली, पण पॅनलपासून घड्याळांपर्यंत सगळं मूळचं आणि कागद पहिल्या मालकाच्या नावावर. मित्रानं दुसरी घेतली. तिच्या टू-टीच्या टाकीवर आम्ही चिकटपट्टी लावून पाहिली, पातळी उतरत होती. चेक व्हॉल्व्ह.

कारण साधं आहे. सील, बेअरिंग, पिस्टन आज मिळतात, पैसे टाकले की इंजिन उभं राहतं. मूळची घड्याळं, मूळचा दुहेरी शूचा ड्रम, ‘मेड इन जपान’ छाप असलेले भाग, मूळचे मिकुनी कार्बोरेटर, पत्र्याची पॅनल शोधायला वर्षं जातात. आणि कागद तर शोधूनही मिळत नाहीत. तेव्हा भाव करताना धुराचे पैसे असे कापा: चेक व्हॉल्व्ह असेल तर जवळजवळ काहीच नाही. उजवं सील असेल तर इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च, सायलेन्सर धुण्यासकट. डावं सील असेल तर त्यावर दोन्ही सिलिंडरचा बोअर (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं) आणि दोन नवे पिस्टनही धरा, कारण एकाला ओरखडा असेल तर दुसऱ्याची खात्री कोणी देत नाही. मूळ वस्तू नसतील तर त्याहून जास्त कापा. इंजिन नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल तर भावच करू नका, परत या.

पिस्टनचा आकार विचारायला विसरू नका. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६४ मिलिमीटरचा. पाव पाव मिलिमीटरनं वाढवत ६५ पर्यंत नेता येतो. ६४.२५ असलेल्या सिलिंडरमध्ये अजून तीन आयुष्यं आहेत, ६५ वाल्यात नाही. मालकाला माहीत नसेल तर हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडा, आकडा तिथे कोरलेला असतो. एवढ्या किमतीच्या गाडीसाठी हेड उतरवू द्यायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडून मी घेणार नाही.

नंबर बघताना चेसिस नंबर हँडलच्या मानेवर आणि इंजिन नंबर क्रॅंककेसवर हातानं चाचपा, टॉर्च तिरपी धरून. घासून परत ठोकलेल्या आकड्यांभोवतीचा धातू गुळगुळीत असतो, मूळच्या ओतकामाचा खरखरीतपणा तिथे नसतो. जपानमध्ये बनलेली १९७३ ते ७५ ची गाडी कोणी दाखवली तर तिचे दोन्ही नंबर ३५१ नं सुरू होतात आणि एकमेकांशी जुळतात.

‘व्हिंटेज’ या शब्दावर जादा पैसे मागणारे बरेच भेटतात. सरकारच्या २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, फी २० हजार, मुदत १० वर्षं. फरिदाबादची सर्वांत जुनी आरडीसुद्धा तिथे २०३३ ला पोचेल. आज तिला साधी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आहे, तेव्हा आरसीची मुदत संपली आहे का ते पाहा. मुदत संपून वर्षं झाली असतील तर आरटीओच्या फेऱ्या आणि दंड मागितलेल्या रकमेतून वजा करा.

या नवरात्रात गाडी काढायच्या आधी एवढं करा: प्लग काढून, फडकं धरून, किक हातानं फिरवा. फडक्यावर काय येतं ते बघा. टू-टीच्या टाकीवर आजच चिकटपट्टी लावा आणि त्यावर तारीख लिहा.